उलट्या थांबल्या, म्हणजे सगळं ठीक झालं?

सरकारी रुग्णालयातली गरोदर मातांची ओपीडी. बाकड्यांवर बसायला जागा नाही, दाराशी नावं पुकारणारी नर्सबाई, टेबलावर केसपेपरांचा ढीग. पाचवा महिना लागलेली तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी आत येते. सोबत सासूबाई. वजन होतं, रक्तदाब मोजला जातो, डॉक्टर पोटाला हात लावून गर्भाशय कुठवर आलंय ते पाहतात. ‘‘काय, आता बरं आहे ना?’’ उत्तर सासूबाई देतात, ‘‘हो, आता उलट्या थांबल्यात. जेवते नीट.’’ गोळ्या लिहिल्या जातात, पुढची तारीख पडते आणि पुढचं नाव पुकारलं जातं. मुलीने या सगळ्यात तोंड उघडलेलंच नसतं.

यात कुणी मुद्दाम चूक करत नाही. रांग मोठी असते, डॉक्टर एकच असतो आणि सासूबाई सांगतात तेही खरंच असतं. उलट्या थांबलेल्याच असतात. पण ‘उलट्या थांबल्या’ आणि ‘बाई बरी आहे’ या दोन वाक्यांत बरंच अंतर आहे. गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत घर, दवाखाना आणि सरकारी यंत्रणा, सगळेच ते अंतर विसरतात.

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलं तर साधारण १४व्या ते २७व्या आठवड्यापर्यंतचा हा काळ. घरच्या हिशेबाने चौथा, पाचवा आणि सहावा महिना. पहिल्या तीन महिन्यांत मळमळ असते, गर्भ टिकेल की नाही याची धाकधूक असते. शेवटच्या महिन्यांत बाळंतपणाची तयारी असते. या दोन्हींच्या मधला काळ ‘सुखाचा’ म्हणून ओळखला जातो. भूक परत येते, अंगात तरतरी वाटते, चेहऱ्यावर तेज येतं. हे खोटं नाही. पण सुखाचा काळ म्हणजे दुर्लक्षाचा काळ, असा अर्थ त्यातून निघतो आणि तो मात्र घातक आहे. कारण शरीरात आणि मनात मोठे बदल होतात ते याच महिन्यांत, आणि त्यात काही बिघडत असेल तर ते वेळेवर हाती लागतं तेही याच महिन्यांत.

आधी शरीराचं पाहू. चौथ्या महिन्याच्या सुरुवातीला ओटीपोटाच्या हाडांमागे लपलेलं गर्भाशय २०व्या आठवड्याच्या सुमारास बेंबीपर्यंत येतं. ते वाढताना त्याला धरून ठेवणारे बंध ताणले जातात. म्हणून कूस बदलताना किंवा पटकन उठताना जांघेत कळ येते. स्नायू सैल करणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढलेलं असतं, त्यामुळे आतड्यांचं काम मंदावतं. बद्धकोष्ठता होते, छातीत जळजळते. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. हिरड्या सुजतात, ब्रश करताना रक्त येतं. गालांवर वांग दिसू लागतो, बेंबीखाली काळसर रेघ उमटते. यातलं बहुतेक सगळं नैसर्गिक आहे आणि बाळंतपणानंतर बरंचसं ओसरतं. पण नैसर्गिक असलं तरी ते त्या बाईला सांगायला हवं ना? आरशात चेहरा डागाळलेला पाहून रात्री रडणाऱ्या मुलीला ‘हे जाईल’ एवढं एक वाक्यही पुरतं.

सगळ्यात मोठा बदल डोळ्यांना दिसत नाही. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं आणि मधल्या महिन्यांत ही वाढ वेगाने होते. रक्तातला द्रवभाग तांबड्या पेशींपेक्षा जास्त वाढतो, म्हणून रक्त थोडं पातळ होतं. रक्तवाहिन्या सैलावतात, म्हणून रक्तदाब जरा खाली येतो आणि एकदम उभं राहिलं की चक्कर येते. यात एक मेख आहे. जिला आधीपासून उच्च रक्तदाब आहे पण कधी मोजलाच गेला नव्हता, ती पहिल्यांदा पाचव्या महिन्यात दवाखान्यात आली तर तिचा रक्तदाब अगदी व्यवस्थित भरू शकतो. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली नोंद महत्त्वाची असते. आणि २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला तर ‘दगदग झाली असेल’ म्हणून सोडून देता येत नाही. त्यासोबत डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, चेहऱ्यावर आणि हातांवर सूज येणं किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणं असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं लागतं.

रक्त कमी असण्याचा प्रश्न तर आपल्याकडे घरोघरी आहे. २०१९ ते २१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणजे ओपीडीच्या बाकावर शेजारी शेजारी बसलेल्या दोघींपैकी एकीचं हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली असण्याची शक्यता आहे. म्हणूनच चौथ्या महिन्यापासून रोज लोहाची गोळी, १४व्या आठवड्यापासून दिवसातून दोनदा कॅल्शियम आणि या काळात जंताची एक गोळी, असा सरकारी कार्यक्रम आहे. गोळ्या मिळतात, पण सगळ्या पोटात जातात असं नाही. लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतं, मळमळतं आणि मग ‘बाळ काळं होईल’ अशी भीती कुणीतरी घालतं. बाळाच्या रंगाशी गोळीचा काही संबंध नाही. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नये, लोहाच्या गोळीच्या आगेमागे चहा टाळावा, मळमळत असेल तर ती रात्री जेवणानंतर घ्यावी. एवढं समजावून सांगितलं तर डब्यात पडून राहणाऱ्या गोळ्यांपैकी बऱ्याच पोटात जातील.

खाण्याच्या बाबतीतही दोन टोकं दिसतात. एका घरात ‘दोन जिवांची आहेस, दुप्पट खा’, तर दुसऱ्या घरात ‘कमी खा, बाळ लहान राहिलं की बाळंतपण सोपं जातं’. दोन्ही चूक. या महिन्यांत रोज साधारण ३५० कॅलरी जास्तीच्या लागतात. एक भाकरी, वाटीभर वरण आणि पेलाभर दूध जास्तीचं घेतलं की भागतं. महिन्याला दीड-दोन किलो वजन वाढलं तर ठीक. २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान साखरेची तपासणी पुन्हा करावी लागते, कारण आधी व्यवस्थित असलेली साखर याच सुमारास वाढू लागते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं, इतकी ही साधी तपासणी. ‘पहिल्या वेळी नॉर्मल आली होती’ म्हणून ती चुकवणाऱ्या बायका कमी नाहीत.

याच महिन्यांतली एक तपासणी अशी आहे की जिची वेळ टळली तर ती परत येत नाही. १८ ते २० आठवड्यांत होणारी सोनोग्राफी. बाळाचं डोकं, पाठीचा कणा, हृदय, मूत्रपिंडं, हातपाय आणि वार कुठे आहे, हे तीत पाहिलं जातं. गंभीर व्यंग आढळलं तर पुढे काय करायचं याचा निर्णय कुटुंबाला विचार करून घेता यावा, म्हणून ती वेळेत व्हायला हवी. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताचा कायदा २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या आणि ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने परवानगी देतो. त्यानंतर गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. म्हणजे १९व्या आठवड्यात होणारी सोनोग्राफी तालुक्याला डॉक्टर नाहीत म्हणून २५व्या आठवड्यात झाली, तर त्या उशिराची किंमत एका जोडप्याला आयुष्यातल्या सगळ्यात कठीण आठवड्यांत मोजावी लागते. आठवडे मोजायचं काम बाईवर सोडून चालणार नाही. पहिल्याच भेटीत ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत सोनोग्राफी’ असं तिच्या कार्डावर ठळक लिहून द्यायला हवं.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचं आहे. दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून जोडपी फडावर निघतात. जिला तेव्हा तिसरा महिना असतो, तिचे मधले सगळे महिने मोळ्या उचलण्यात जातात. गावची आशाताई गावात राहते, नोंद गावात राहते आणि बाई पालात. तिचं कार्ड तिच्यासोबत गेलं पाहिजे. आणि ज्या गावात फड पडला आहे तिथल्या आरोग्य केंद्राने ‘तुमची नोंद इथली नाही’ असं म्हणता कामा नये. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची डॉक्टरकडून मोफत तपासणी होते, हे फडावर कुणीतरी जाऊन सांगायला हवं.

आता मनाचं. साधारण १८ ते २० आठवड्यांत पहिलटकरणीला पोटात पहिल्यांदा काहीतरी जाणवतं. बुडबुडे फुटल्यासारखं, मासोळी वळल्यासारखं. दुसऱ्या खेपेला हे आठवडा-दोन आठवडे आधीच कळतं. तोवर बाळ म्हणजे एक रिपोर्ट असतो. हालचाल कळली की ते माणूस होतं. बऱ्याच जणींना याच काळात बाळाची ओढ लागते. पण याच क्षणी काहींना पहिल्यांदा खरी भीती वाटते. आता मागे फिरता येणार नाही. आपल्याला हे जमेल का? पैसे पुरतील का? नोकरी राहील का? आधीचं मूल पोटातच गेलेली बाई तर हालचाल जाणवल्यावर आनंदण्याऐवजी रात्रभर जागून ती मोजत बसते. स्वप्नं विचित्र पडतात, रडू पटकन येतं. नवऱ्याशी जवळीक ठेवावी की नाही, हा प्रश्न मनात असतो, पण विचारायचा कुणाला? गरोदरपण साधं असेल, रक्तस्राव नसेल आणि वार खाली नसेल तर सहसा त्याला हरकत नसते. हे उत्तर दोन वाक्यांचं आहे, पण प्रश्न सासूसमोर विचारता येत नाही म्हणून उत्तरही मिळत नाही.

अशी चलबिचल स्वाभाविक आहे. एखादा दिवस वाईट जातो, दुसरा बरा जातो. पण सलग दोन आठवडे, दिवसाचा बराच वेळ मन उदास राहत असेल, आवडीच्या गोष्टींत रस उरला नसेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल, आपण निकामी आहोत असं वाटत असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर ते ‘गरोदरपणात होतंच’ या खात्यात टाकता येत नाही. तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते विकसनशील देशांत गरोदर स्त्रियांपैकी सुमारे १५.६ टक्के स्त्रियांना मानसिक आजार, मुख्यतः नैराश्य, असतो. म्हणजे साधारण सहा-सात जणींमागे एक.

अडचण अशी की नैराश्याची आणि गरोदरपणाची लक्षणं एकमेकांसारखी दिसतात. झोप नीट लागत नाही, भूक बदलते, थकवा येतो. त्यात रक्तक्षय असेल तर थकवा दुप्पट. घरच्यांना ती ‘आळशी झाली’ असं वाटतं. खरं तर पाचव्या महिन्यात बाई सतत थकलेली दिसली तर दोन गोष्टी तपासायला हव्यात, तिचं हिमोग्लोबिन आणि तिचं मन. पहिली तपासली जाते. दुसरी क्वचितच.

बाळंतपणानंतरच्या नैराश्याबद्दल अलीकडे थोडं बोललं जातं. पण त्याची मुळं बऱ्याचदा आधीच रुजलेली असतात. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने महत्त्वाचा आहे. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य आढळलं आणि त्यांतल्या ७८ टक्के जणींना गरोदरपणातच लक्षणीय मानसिक त्रास होता. म्हणजे बहुतेकींचं दुखणं बाळ होण्याआधीच दिसत होतं. फक्त पाहायला कुणी नव्हतं. आर्थिक ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी होणं, या गोष्टींचा नैराश्याशी संबंध त्या अभ्यासात दिसला.

शेवटची गोष्ट ओपीडीत रोज दिसते. पहिल्या दोन मुली असलेली बाई सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बसलेली असते तेव्हा तिच्या मनात बाळाच्या हृदयाची काळजी कमी आणि घरची काळजी जास्त असते. लिंग सांगणं आणि विचारणं हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. मुलगा की मुलगी हे वडिलांकडून येणाऱ्या गुणसूत्राने ठरतं, हेही शाळेच्या पुस्तकात आहे. तरी दोष तिच्याच पदरी पडतो. असा धाक उशाशी घेऊन झोपणाऱ्या बाईचा मधला काळ ‘सुखाचा’ कसा म्हणायचा?

आपल्या परंपरेत ही समज नव्हती असं नाही. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यातल्या गर्भवतीला ‘दौहृदिनी’, म्हणजे दोन हृदयांची, म्हटलं आहे आणि तिच्या इच्छा डावलू नयेत असं सांगितलं आहे. ‘डोहाळे’ हा शब्द याच कुळातला. गर्भाचं हृदय चौथ्या महिन्याच्या बरंच आधी धडधडू लागतं हे आज ठाऊक आहे, पण बाईला काय हवं ते विचारावं, ही त्यातली शिकवण जुनी झालेली नाही. आपण मात्र डोहाळ्यांचा अर्थ चिंचा-आवळ्यांपुरता ठेवला. सातव्या महिन्यात डोहाळजेवण थाटात होतं, हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळ्यावर फोटो. त्या फोटोतल्या हसऱ्या चेहऱ्याला ‘झोप लागते का ग नीट?’ असं कितीजण विचारतात?

यावर उपाय महागडे नाहीत. पहिला उपाय म्हणजे १८ ते २४ आठवड्यांच्या भेटीत प्रत्येक बाईशी दोन मिनिटं एकटीशी बोलणं. सासू, आई, नवरा, सगळ्यांनी बाहेर थांबायचं. दोनच प्रश्न. गेल्या महिन्यात बऱ्याचदा उदास किंवा निराश वाटलं का? कशातच मन लागत नाही असं झालं का? यातल्या एकाचं जरी उत्तर ‘हो’ आलं तर पुढे दहा प्रश्नांची, १९८७ पासून जगभर वापरात असलेली एडिनबरा प्रश्नावली आहे. ती प्रशिक्षित नर्सही विचारू शकते. एकटीशी बोलल्याने घरात मारहाण होते का, हेही कळतं. सासूसमोर ते कधीच कळणार नाही. केरळ सरकारने ‘अम्मा मनस्सु’ या कार्यक्रमात गरोदर आणि बाळंतीण स्त्रियांच्या मनाची तपासणी आरोग्य सेवेत आणली आहे. महाराष्ट्राला ते अशक्य नाही. रक्तदाबाला, वजनाला कार्डावर जशी जागा असते, तशी मनालाही हवी.

दुसरा आक्षेप येतो तो मनुष्यबळाचा. मानसोपचारतज्ज्ञ आहेत कुठे? पण सगळ्यांनाच तज्ज्ञ लागत नाही. गोव्यातच पुढे झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नैराश्य असलेल्या गरोदर बायकांशी त्याच समाजातल्या, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या बायका नियमित जाऊन बोलल्या. त्याचा बऱ्या होण्याला उपयोग झाला. फायदा चमत्कारासारखा नव्हता, पण खर्चही फार नव्हता. आपल्या आशाताई घरोघरी जातातच. मात्र आणखी एक रजिस्टर त्यांच्या डोक्यावर लादून हे काम होणार नाही. त्यासाठी त्यांना वेळ, प्रशिक्षण आणि मोबदला द्यावा लागेल. ज्यांना त्रास जास्त आहे त्यांना अर्थातच डॉक्टरकडे पाठवायला हवं. गरोदरपणात देता येतील अशी औषधं आहेत, आणि आधीपासून मानसिक आजाराची औषधं सुरू असतील तर ती मनाने बंद करणं बाई आणि बाळ दोघांनाही धोक्याचं ठरू शकतं.

घरच्यांचं काम याहून सोपं आहे. नवऱ्याने निदान एका तपासणीला सोबत जावं आणि डॉक्टर काय म्हणाले ते स्वतः ऐकावं. जड कळशी, पोतं उचलू देऊ नये. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, ताप, लघवीला जळजळ, पोटात थांबून थांबून कळा, एकदा जाणवू लागलेली हालचाल कमी होणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता १०२ किंवा १०८ ला फोन करावा. मनाचा त्रास असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. जीव नको झाल्याचं बाईने एकदा जरी बोलून दाखवलं, तरी ते नाटक समजू नये. तिला एकटी सोडू नये आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्यावं.

आणि ओपीडीतल्या त्या सासूबाई? त्यांच्यावर राग काढून उपयोग नाही. त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी हेच महिने काढले, तेव्हा त्यांनाही कुणी काही विचारलं नव्हतं. उलट्या थांबल्या की कामाला लागायचं, एवढंच त्यांना ठाऊक आहे. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी त्यांना ‘मावशी, दोन मिनिटं बाहेर बसता का?’ म्हटलं, तर त्या बहुधा बसतील. मग केसपेपर बाजूला ठेवून मुलीला तोच प्रश्न पुन्हा विचारायचा, ‘बरं आहे ना?’ आणि तिचं उत्तर येईपर्यंत पुढचं नाव पुकारायचं नाही.